वाढत्या मापाचा कोट

४ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझ्या कानांनी संप पुकारला तेव्हापासून आपलं फोनवरचं बोलणं संपलं. मी इकडून ओरडायचे, तू तिकडून "कोण मेलं?" म्हणून विचारायचीस. त्यापेक्षा हे कागद काळे करणं बरं. चौथीतून शाळा सुटली, लग्न झाल्यावर सासऱ्यांच्या शिवणाच्या दुकानात मापं लिहायला बसले, त्यामुळे माझ्या पत्रात आकडे तेवढे बरोबर असतील. बाकीचं तू सांभाळून घे.

बातमी अशी की आपली नात भिंगरी आता दर शनिवारी माझ्याकडे येणार. येणार काय, येतेच आहे, तीन शनिवार झाले. सात वर्षांची झाली तरी एका जागी दोन मिनिटं बसत नाही. माझ्या मशीनपुढच्या गोल स्टुलावर फिरत राहते, म्हणून मीच हे नाव ठेवलं. पुढचा दात पडलाय. तिची आई कवळ्या बनवणाऱ्या दवाखान्यात कामाला, आणि लेक बोळकी, असं मी म्हटलं तर सूनबाईसुद्धा हसली. हसली म्हणजे बघ, आमच्याकडे वर्षभरात हे पहिल्यांदा.

कोर्टाचं सांगते, तुला त्यातच रस. जजमॅडमनी ताबा आईकडे दिला. तुझ्या भाच्याला शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी पाच भेटीचा हक्क, पण माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मागे थंडीत त्याने पोरीला चार दिवस परत पाठवलं नव्हतं, फोन बंद ठेवला होता, त्याचं हे निमित्त. पोरीला ताप होता असं तो म्हणतो. मी कोर्टात उभी राहून सही केली की मूल माझ्या घराबाहेर जाणार नाही. मॅडमनी मला विचारलं, आजी, जमेल ना? मी म्हटलं, मॅडम, पन्नास वर्षांत एक कपडा उशिरा दिला नाही की चुकीच्या माणसाला दिला नाही. सगळे हसले. लेक तेवढा हसला नाही.

त्याला ते लागलंय गं. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो, तेलकट हातांनी इथे येतो आणि म्हणतो, पोटगी मी द्यायची आणि पोर तिने ठेवायची, हा कुठला न्याय. मी गप्प बसते. मला काय, माझ्या शनिवार-रविवारचं सोनं झालं. पोर कापायच्या टेबलाखाली लोहचुंबक घेऊन टाचण्या गोळा करते आणि डबीत टाकताना मोजते. काल एकशे बारा निघाल्या.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरू नकोस.

तुझी
ताई

१२ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं. गुडघा जागच्या जागी आहे, मीही जागच्या जागी आहे. तिसऱ्या मजल्यावरून खाली जग दिसतं, ऐकू येत नाही, तेही एका परीने बरंच.

तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभी राहून मी लोकांची नावं पुकारली. आत काय चाललंय ते शिपायाला कोणी सांगत नाही, पण शिपायाला कान होते तेव्हा. त्या जोरावर दोन गोष्टी सांगते.

पोटगी म्हणजे पोरीचं भाडं नव्हे. ती पोरीच्या ताटाची, वह्यांची सोय. बापाने ती दिली म्हणून पोर त्याची होत नाही, आणि समज उद्या थकवली, तरी तेवढ्यावरून आईला भेट बंद करता येत नाही. हे दोन वेगळे धागे आहेत. जो माणूस ते एकत्र पिळतो त्याच्याकडे लक्ष ठेवावं, असं आमचे जुने साहेब म्हणायचे.

दुसरं, ताबा एकाकडे असला तरी मोठे निर्णय दोघांचे असतात. शाळा बदलणं, मोठं ऑपरेशन, मुलीला देशाबाहेर नेणं. त्याला दोघांच्या सह्या लागतात.

आणि तू सही केलीस ते हमीपत्र आहे. लाडक्या आजीसाठी कोणी हमीपत्र करत नाही. त्यांनी तुला राखणीला बसवलंय. कोणापासून राखायचं ते कागदावर लिहिलेलं नाही, पण तुला समजलेलं असावं.

चार दिवस ताप होता, तर डॉक्टरची चिठ्ठी होती का?

धाकटी

९ मे

प्रिय धाकटे,

तुला कशातही काळंबेरं दिसतं. नोकरीच तशी. माझ्याकडे माणूस आला की मला त्याची छाती आणि कंबर दिसते, तुझ्याकडे आला की तुला त्याचा गुन्हा दिसत असणार.

उशीर झाला लिहायला, कारण हाताला काम आहे, आणि काम कोणाचं, तर भिंगरीचं. तुझा भाचा आता फार निवळलाय. भांडण नाही, सूनबाईबद्दल वाकडा शब्द नाही. शनिवारी येताना बिस्किटं आणतो, रविवारी पाचच्या आत पोरीच्या चपला स्वतः दारात मांडतो. सूनबाई दारात आली की "पाणी घेणार का" म्हणून विचारतो. ती गोंधळूनच जाते.

तर मागच्या शनिवारी कापड घेऊन आला. जाड लोकरीचं, गडद निळं, हाताला इतकं सुंदर की मी दहा मिनिटं नुसती हात फिरवत बसले. म्हणाला, आई, पोरीला कोट शिव. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटते, पंखा गरम वारा टाकतोय, आणि हा कोट. मी म्हटलं, अरे थंडीला अजून सहा महिने. म्हणाला, तोवर तुझे डोळे अधू झाले तर. हसलो दोघं. वर म्हणाला, दोन वर्षांनी होईल अशा मापाचा शिव. बाही मोठी ठेव, खाली चार बोटं दुमड दे. किती विचारी झालाय बघ. पोरं वाढतात, कपडे वाढत नाहीत, हे बापांना कुठे कळतं.

पोरीचं माप घ्यायचं म्हणजे कसरत. टेप लावला की ती गोल फिरते, छाती चोवीसची तीस होते. वहीत तिच्यासाठी वेगळं पान केलंय. पहिलं माप तिच्या आईने आणली होती तेव्हाचं, तीन महिन्यांची असतानाचं, उंची तेवीस इंच. बघून मलाच रडू आलं, आनंदाचं.

आतल्या बाजूला अस्तरात एक चोरखिसा हवाय त्याला. चिठ्ठीवर माप लिहून दिलं, पाच इंच बाय साडेतीन. मी विचारलं, यात काय ठेवणार, तर म्हणाला गंमत आहे. खिशाला आकार राहावा म्हणून मी त्याच मापाचा पुठ्ठा कापून आत घालते आणि मग इस्त्री फिरवते, सासऱ्यांची शिकवण. गिऱ्हाइकाला देताना पुठ्ठा काढायचा, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि ऐक, मी आता मोठी माणूस झाले. कुठल्याशा कागदावर त्याने साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. माझ्या सहीची एवढी मागणी जन्मात नव्हती.

पोरीचे फोटोही काढले परवा, घरीच माणूस बोलावून. हसू नको म्हणाले फोटोवाले, तर ही बोळकी तोंड मिटून अशी बसली की माझे सासरेच.

तुझी
ताई

१४ मे

ताई,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मग शेजारच्या बाईंकडे गेले, त्या मुलाकडे परदेशी जाऊन आल्यात. त्यांचा पासपोर्ट मागून आणला आणि फूटपट्टी लावली. पाच इंच बाय साडेतीन. केसभर कमी.

आता तुझ्याच गोष्टी तुला पुन्हा सांगते. न हसता काढलेले फोटो. उन्हाळ्यात लोकरीचा कोट. दोन वर्षं पुरेल असं माप. अस्तराच्या आत पासपोर्टाएवढा खिसा. आणि तू सही केलेला कागद, ज्यावर काय लिहिलंय ते तू मला लिहिलं नाहीस.

वाढत्या मापाचे कपडे कोण शिवून घेतं, ताई? ज्याला पुन्हा आपल्या शिंप्याकडे यायचं नसतं तो.

मला चार गोष्टींची उत्तरं पाठव. तो कागद कसला होता? दुसरी सही कोणाची होती, आणि ती तुझ्यासमोर झाली का? त्याच्या नोकरीचं काही बदललंय का? कोट कधी द्यायचा आहे?

आणि सुनेचा पत्ता पाठव. मी लिहिते तिला. तुला लिहायला जड जाईल.

लेकाला काही विचारू नकोस. जो माणूस निवळलाय असं वाटतं त्याला ढवळू नये.

धाकटी

१९ मे

धाकटे,

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तू त्याला मांडीवर घेतलंस, त्याच्या पहिल्या पावलाला तू टाळ्या वाजवल्यास, आणि आता फूटपट्टी घेऊन बसलीस. माझ्या पोटचा आहे तो. बापाला आपल्या लेकीला कोट शिवावासा वाटला तर त्याची चोरी झाली का? तुला मूल नाही, तुला काय कळणार, असं मी लिहिणार होते. लिहिलं बघ. पण खोडत नाही, खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

कागदाचं विचारलंस. संमतीपत्र होतं. खाली सूनबाईची सही होती आधीच. तो म्हणाला, ती खाली गाडीत बसलीय, घाईत आहे, जिना चढायला वेळ नाही, तिने केली, आता तू साक्षीदार म्हणून कर. मी खिडकीतून वाकून बघितलं. गाडी होती. छपरामुळे आतलं दिसलं नाही. कोणीतरी असेलच ना आत. मी सही केली. मशीनला टीप अर्धी राहिली होती, ती पुरी करायची होती.

नोकरीचं, तर त्याला कुठेतरी लांब उंच इमारतींमध्ये लिफ्टांचं मोठं काम मिळतंय असं त्याचा मदतनीस मागे बोलला होता. लेक म्हणाला, नाही घेतलं.

कोट चार जूनला द्यायचा आहे. शनिवार आहे.

भिंगरीला मी काही विचारलं नाही हो. ती दोरीवरच्या उड्या मारत होती गॅलरीत, आणि मोजत होती. मी काजं करत होते, कान तिकडे. एक, दोन असं नव्हतं ते. वेगळेच शब्द होते, तोंडात खडे धरल्यासारखे. दहापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, हे कुठले आकडे गं? म्हणाली, बाबांनी शिकवले, फोनवर रोज एक. आईला सांगायचं नाही, गंमत आहे.

मुलं काहीही शिकतात.

पत्ता पाठवत नाही. आणि असलं पुन्हा लिहू नकोस. तुझं पत्र मशीनच्या खणात ठेवलंय, तो खण तो उघडत नाही.

ताई

२४ मे

ताई,

असलं पुन्हा लिहू नकोस म्हणालीस. एकदाच लिहिते.

मला मूल नाही हे खरं. पण एक बाई मला लेकीसारखी झाली होती. अकरा वर्षं दर तारखेला यायची. नवऱ्याने मुलाला आठ दिवसांच्या सहलीला म्हणून नेलं होतं. मी दारात उभी राहून त्याचं नाव तीनदा पुकारायचे, नियम असतो तसा. कोणी येत नसे. ती बाई दर वेळी पहिल्या पुकाऱ्याला जिन्याकडे बघायची. दुसऱ्याला बघायची. तिसऱ्याला माझ्याकडे बघायची. अकरा वर्षांत माझा आवाज बसला, पण तिची मान वळायची थांबली नाही. शेवटी आली तेव्हा म्हणाली, आता तो समोर आला तरी मी ओळखणार नाही, त्याची उंची मला माहीत नाही.

त्या मुलाला आजी होती. कोर्टात एकदाच आली. म्हणाली, मला वाटलं सहलच आहे.

तू सही न बघता केलीस, त्याची शिक्षा होईल म्हणून घाबरलीस, हे मला दिसतंय. घाबर. पण घाबरून बसू नकोस. गाडीत कोण आहे ते न बघता सही केली हे तू आपणहून सांगितलंस तर कोर्ट ऐकतं. पकडल्यावर सांगितलंस तर ते फक्त लिहून घेतं.

मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल. चार तारीख विसरू नकोस.

धाकटी

८ जून

प्रिय धाकटे,

तुझी माफी मागायची आहे, पण ती शेवटी मागते. आधी ऐक, काय घोटाळा झाला माझ्याकडून. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

कोट फार सुंदर झाला. सहा बटणं, हाडाच्या रंगाची. भिंगरीने घातला तर हात बाहीत हरवले, ती बाह्या हलवत पेंग्विनसारखी चालली आणि आम्ही पोट धरून हसलो. दोन तारखेला दुपारी तुझा भाचा एकटाच आला. लिफाफ्यातून पासपोर्ट काढला. नवाकोरा, पान उघडलं तर कुरकुर आवाज. आत भिंगरीचा तोंड मिटलेला फोटो. पोरीचा जुना पासपोर्ट हरवला असं त्याने कोर्टात सांगितलं होतं आणि हा नवा त्या संमतीपत्रावर काढला, हे मला सूनबाईकडून नंतर कळलं. मला म्हणाला, हा खिशात घाल, तोंड शिवून टाक, बारीक टाका मार, कोणी चाचपलं तरी उघडता कामा नये. कोट तुझ्याकडेच राहू दे शनिवारपर्यंत. माझ्या खोलीवर कोण येईल सांगता येत नाही.

मी काही विचारलं नाही. तू सांगितलं होतंस. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. त्याचे हात थंड होते, एवढ्या उन्हात.

तो समोर बसून राहिला, चहा पीत. मी मापाला म्हणून पासपोर्ट टेबलावर ठेवला, पुठ्ठा शेजारी ठेवला. खिशाला इस्त्री केली. मग त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. परत आला तोवर माझे निम्मे टाके झाले होते. त्याने कोट हातात घेतला, अस्तरावरून दाबून पाहिलं. कडक लागलं, चारी कोपरे लागले. म्हणाला, आई, तुझ्यासारखं काम कोणी करत नाही.

शनिवारी दहाला सूनबाई पोरीला सोडून गेली. पाऊण तासाने तो म्हणाला, हिला तळ्यावर नेऊन आणतो, दोन तासांत येतो. मी म्हटलं, अरे, कागदावर लिहिलंय, माझ्या घराबाहेर नाही. तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी दारातून बाजूला झाले. हो, झाले बाजूला. तेवढं मला लिहायलाच हवं. पोर कोट हातावर टाकून निघाली. जिन्यातून ओरडली, आजी, माझ्या टाचण्या तशाच ठेव.

ती गेल्यावर मी मशीनचा खण उघडला. तुझ्या पत्राखाली पासपोर्ट होता.

पुठ्ठा खिशात राहिला बघ. चपलांच्या खोक्याचा. म्हातारपण, दुसरं काय. गिऱ्हाइकाला देताना काढायचा विसरले.

मग सूनबाईला फोन केला आणि सगळं सांगितलं, गाडीचं, सहीचं. ती तशीच पोलिसांकडे धावली. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसले. घड्याळ बघत नव्हते, ऐकत होते. एक वाजला. दोन. पोलीस विमानतळावर गेले तेव्हा तो त्यांना बाकावर सापडला. मागाहून पोरीने फोनवर सांगितलं, बाबांनी माझा कोट किल्लीने फाडला, आतून चपलेचं चित्र निघालं, मग बाबा खूप वेळ खाली बसले. ती रडली नव्हती. कोटाला मात्र रडली.

त्याला दुसऱ्या दिवशी सोडलं. तो इकडेच आला. दारात उभा राहिला आणि एकच बोलला.

"आई, तू मोजून घेतलं होतंस ना?"

मी म्हटलं, "मोजलं होतं."

मग तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. अजून येतो रोज संध्याकाळी. बसतो, पाणी दिलं तर घेत नाही. मी आतून मशीन चालवत राहते, कापड नसलं तरी.

माफी मागते. तुला मूल नाही म्हणून लिहिलं ते मागे घेते.

ताई

१३ जून

ताई,

माफ केलं. केलं म्हणजे काय, मी ते मनात ठेवलंच नव्हतं.

तू आता कोर्टात उभी राहशील. तिथे विचारतील, पुठ्ठा कसा राहिला. चूक झाली म्हणालीस तर सगळे मान डोलावतील, म्हातारी आहे म्हणतील, आणि लेकाचा वकील उठून म्हणेल, हिला काहीच कळत नाही, सहीचंही हिला आठवत नसेल. मग तुझं गाडीचं बोलणंही वाऱ्यावर.

विसरलीस हे मला लिहिलंस, ठीक आहे, मी बहीण आहे. मॅडमना सांगू नकोस. एकदा न बघता सही केलीस, दुसऱ्यांदा न बघता बोलू नकोस.

आणखी एक. खरं सांगितलंस तर तुझे शनिवार जातील. हमी मोडली ती मोडली, तू दारातून बाजूला झालीस. ते ऐकून उभी राहा.

पायरीवर बसणाऱ्याला आत घेऊ नकोस. एकटी असताना कडी लाव.

धाकटी

१ जुलै

प्रिय धाकटे,

माझ्या नावाचा पुकारा झाला. तीनदा नाही, पहिल्यालाच उठले. दारातला माणूस तरुण होता, आवाज बारीक. तुझी सर नाही.

मॅडमनी विचारलं, पुठ्ठा चुकून राहिला का, आजी? समोर लेक उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला. इस्त्री मीच करायचे. कॉलर बसली नव्हती नीट. मी म्हटलं, नाही मॅडम, पासपोर्ट मी खणात टाकला आणि पुठ्ठा आत शिवला. तो गॅलरीत होता तेवढ्यात. मॅडम म्हणाल्या, मग आधी का सांगितलं नाहीत, त्याला अडवलं का नाहीत? मी म्हटलं, मॅडम, त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती. हाताने जमलं, तोंडाने जमलं नाही.

सहीचंही सांगितलं. गाडीत कोणी होतं का हे मी पाहिलं नाही, असंच सांगितलं. त्याची वेगळी चौकशी लागलीय, त्यात मला पुन्हा जायचंय. सूनबाईचा वकील म्हणाला, आपणहून बोललात ते बरं झालं. बरं झालं म्हणजे किती, ते नाही म्हणाला.

भिंगरीचा ताबा आईकडेच. पासपोर्ट कोर्टात जमा. देशाबाहेर नेता येणार नाही. बाप भेटेल, पण कोर्टातल्या खोलीत, तासभर, कोर्टाची एक बाई समोर बसलेली. माझ्या घरचं सगळं काढून टाकलं. मॅडमनी वाचलं तेव्हा मी बोटांवर हिशोब केला, किती शनिवार झाले आपले. शेवटचा मोडला तो सोडून अकरा. थोडे नाहीत गं. कोणाला तेवढेही मिळत नाहीत.

काल तो आला. पायरीवर बसला नाही, सरळ दारात. मी कडी लावली होती, जाळीतून बोलले. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, मागे खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. सूनबाईने तो दुरुस्तीला पाठवला होता, फाटलेला खिसा मी शिवून घेतलाय, अस्तर बदललं. म्हणाला, "कागद दुसरे निघतात, आई. मला घाई नाही." आणि गेला. जिन्यात पावलांचा आवाज झाला नाही. लिफ्टवाला असून तो नेहमी जिन्याने जातो.

मी लगेच सूनबाईला सांगितलं. वकिलालाही. या वेळी तोंडाने.

सूनबाई परवा एकटी आली होती, कोट न्यायला. मी दिला. तिने बाही हातावर घेऊन लांबी बघितली, मग कोट परत माझ्याकडे दिला. म्हणाली, आई, दोन वर्षांनी होईल ना हा तिला? मी म्हटलं, होईल. माप बघायला मधे एकदा आणावं लागेल पण. ती म्हणाली, आणीन. कधी ते नाही म्हणाली.

टाचण्यांची डबी तशीच ठेवलीय. वहीत भिंगरीच्या पानावर खाली भरपूर जागा सोडली आहे.

तुझी
ताई